तुझ्या कागदात सासवड कुठंय?

ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला जायच्या दोन महिने आधी मी एक्सेलमध्ये तक्ता करायला घेतला. डावीकडे वेळ, पंधरा-पंधरा मिनिटांच्या ओळी. वर पाच रकाने: आई, अप्पा, थोरली, धाकटा आणि आम्ही दोघं. कुणी कधी कुठे असायचं, कुठल्या राइडला कोण बसणार, आईची बीपीची गोळी किती वाजता, धाकट्याला बाथरूमला कधी न्यायचं, सगळं त्यात होतं. धाकट्याची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण करून मोजली. ४१ इंच. म्हणजे सात बुटक्यांच्या खाणगाडीत तो बसू शकणार होता, तिथे ३८ इंचांची अट आहे. स्पेस माउंटनला मात्र ४४ लागतात, तेव्हा तिथे थोरलीला तिच्या बाबाने न्यायचं आणि तेवढ्यात मी बाकीच्यांचं जेवण उरकून घ्यायचं. हिरवा रंग म्हणजे जमलं तर, पिवळा म्हणजे जमवायचंच, लाल म्हणजे काहीही झालं तरी. तक्ता पुरा झाला तेव्हा तो जवळजवळ सगळा लाल होता.

एवढा आटापिटा का, हे सांगायला हवं. आई-अप्पा फलटणहून पहिल्यांदाच आमच्याकडे अटलांटाला आले होते. अप्पा एकाहत्तरचे, आईचे गुडघे कधीचेच बोलायला लागलेत. पुन्हा येणं होईल न होईल. मुलांच्या शाळेला सुट्टी जून-जुलैतच, त्यामुळे त्यांना तेव्हाच बोलवावं लागलं आणि अप्पांची वारी चुकली. चौदा वाऱ्या आळंदी ते पंढरपूर चाललेला माणूस. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचं प्रस्थान झालं त्या दिवशी अप्पा आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला बसून फोनवर बघत होते. ते मला काही म्हणाले नाहीत. पण मी मनाशी पक्कं केलं की ज्याच्यासाठी यांची वारी चुकली, ते तसं मोलाचं झालंच पाहिजे.

त्यात तिकिटं. एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या बरंच वर जातं. आम्ही सहा जण. रुपयांत गुणाकार करायचा नाही असं इथे राहणारं प्रत्येक घर ठरवतं आणि आई-वडील आले की प्रत्येक घर गुणाकार करतं. एकदा तो केला की मिनिटाला भाव येतो. मग बाकावर नुसतं बसणं म्हणजे पैसे वाया, असं वाटायला लागतं.

त्या जागेची व्यवस्थाही माणसाला तक्ता करायलाच लावते. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड शंभर चौरस किलोमीटरपेक्षा मोठं आहे. त्यात चार पार्क: मॅजिक किंगडम १९७१ चं, एपकॉट १९८२ चं, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ चं आणि अ‍ॅनिमल किंगडम १९९८ चं. रांग टाळायची सोय १९९९ मध्ये कागदी चिठ्ठीने सुरू झाली, पुढे ती फोनवर गेली. मध्यंतरी काही वर्षं अशी होती की कुठल्या झोपाळ्यात किती वाजता बसायचं हे लोक दोन-दोन महिने आधी ठरवत. २०२४ पासून तिला लाइटनिंग लेन मल्टी पास म्हणतात. वेगळे पैसे भरायचे, तिथल्या हॉटेलात उतरणार असाल तर सात दिवस आणि नसाल तर तीन दिवस आधी सकाळी सातला फोन घेऊन बसायचं, तीन राइड निवडायच्या. प्रत्येकीला तासाभराची मुदत मिळते. एक वापरली की पुढची निवडायची. पंढरपुरात पदस्पर्शाची बारी वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते हे माहीत असलेल्या माझ्या आईला ही व्यवस्था एका वाक्यात कळली.

पहिला दिवस मॅजिक किंगडमचा. अटलांटाहून सात तास गाडी हाकून आम्ही आदल्या रात्री पोचलो होतो. आईने पहाटे उठून दशम्या डब्यात भरल्या, शेंगदाण्याची चटणी वेगळ्या डबीत. तिथे घरचं खाणं आत नेता येतं, ही गोष्ट तिला त्या सगळ्या खटाटोपात सगळ्यात सभ्य वाटली.

गाडी लावायची जागा आणि पार्क यांच्यामध्ये एक मोठं तळं आहे. पलीकडे जायला बोट किंवा मोनोरेल. बोट समोरच लागलेली होती, दुमजली, पांढरी. धाकट्याने माझा हात सोडला आणि तो तिच्याकडे पळाला. तक्त्यात मोनोरेल होती. बोटीला चार-पाच मिनिटं जास्त लागतील असा माझा हिशेब होता. मी त्याला उचलून मोनोरेलकडे आणलं. तो दरवाजा लागेपर्यंत रडला आणि मग काचेला नाक लावून तळ्याकडे बघत राहिला. "येताना बोटीने येऊ," मी म्हणाले.

आत शिरलं की सरळ रस्ता, दोन्हीकडे जुन्या धाटणीची दुकानं, आणि टोकाला तो किल्ला. १८९ फूट उंच आहे, पण वर वर जाताना खिडक्या, दगड, मनोरे हळूहळू लहान केलेत, त्यामुळे तो त्याहून उंच वाटतो. दुरून दिसणाऱ्या आणि पावलं आपल्याकडे ओढून घेणाऱ्या अशा गोष्टींना वॉल्ट डिस्ने 'वीनी' म्हणत असे. किल्ल्यापुढे एक गोल चौक आहे आणि तिथून चहूकडे वाटा फुटतात. बऱ्याच ठिकाणांहून किल्ला दिसतो, त्यामुळे सहसा हरवायला होत नाही. अप्पा चौकाच्या अलीकडे थांबले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "कळस दिसतो तसं केलंय."

मी म्हणाले, "अप्पा, चला, आपली वेळ होईल."

त्या एका वाक्याला किती तरी धागे होते. पंढरपूरच्या अलीकडची वाखरी ओलांडल्यावर काय वाटतं, पहिल्यांदा कळस दिसला तेव्हा बरोबर कोण होतं, हे त्यांनी कदाचित सांगितलं असतं. मला विचारायला सुचलं नाही, कारण माझ्या हातातल्या फोनवर ९.१० ते १०.१० असं लिहिलेलं होतं आणि ९.४० झाले होते.

दुपारपर्यंत तक्ता चालला. खरंच चालला, एक-दोन ओळी मागे पडलो, पण लाल रकाने एकामागून एक होत गेले. खाणगाडी झाली, उडते हत्ती झाले, भुतांचा वाडा झाला. ऊन असं की डांबरावर पाय ठेववत नव्हता. आईने व्हीलचेअर नको म्हटलं होतं आणि मीही फार आग्रह केला नव्हता, कारण चाकं घेऊन फिरायला वेळ जास्त लागतो. हे मला आता लिहितानाही लागतं. बाराच्या सुमाराला ती एका कट्ट्यावर बसली, चपलेचा पट्टा सैल केला आणि पाय दाबायला लागली. समोरून बँड चालला होता, पितळी वाद्यं चमकत होती. "एवढं ऐकून जाऊ," ती म्हणाली. मी घड्याळ बघितलं. तिने ते बघितलं. आणि ती उठली.

तीन वाजता आभाळ भरून आलं. फ्लोरिडात उन्हाळ्यात हे रोजचंच: दुपारी ढग, गडगडाट, तासभर धो धो पाऊस. जवळपास वीज चमकत असेल तर उघड्यावरच्या राइड थांबवतात, आणि ते बरोबरच आहे. फोनवर एकेक नाव करडं होत गेलं. माझ्या तक्त्यातल्या पुढच्या सहा ओळी दहा मिनिटांत गेल्या.

आम्ही ओले होत जे दार उघडं दिसलं त्यात शिरलो. ते 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' निघालं. माझ्या यादीत ते नव्हतंच. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेला हा खेळ, १९७५ मध्ये फ्लोरिडात आला. आपण खुर्चीत बसायचं आणि प्रेक्षकांची सगळी गोल बैठकच फिरते, एका रंगमंचाकडून दुसऱ्याकडे. चार घरं दिसतात, म्हणजे एकच घर वेगवेगळ्या काळातलं. बोलणारी, हलणारी यंत्रांची माणसं. रांग नव्हती. आत गार होतं. वीसेक मिनिटं बसायला मिळणार होतं.

पहिल्या घरात लोखंडी चूल होती, बर्फाची पेटी होती, हाताने फिरवायचं कपड्यांचं यंत्र होतं. आई पुढे सरकून बसली. दुसऱ्या घरात विजेच्या तारा छताला लोंबत होत्या आणि मध्येच फ्यूज उडून अंधार झाला. आई इतकी मोकळी हसली की पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून बघितलं आणि तीही हसली. बाहेर पाऊस तसाच होता, म्हणून आम्ही पुन्हा एकदा आत जाऊन बसलो.

दुसऱ्या खेपेला आई बोलायला लागली. थोरलीच्या कानाशी, हळू आवाजात. लग्न होऊन आली तेव्हा चूल होती, शेणकुटं आणि काटक्या. मग वातींचा स्टोव्ह आला, त्याच्या वाती कात्रीने सारख्या कापाव्या लागायच्या, नाहीतर एकीकडून काजळी धरायची. गॅससाठी नंबर लावला होता तो किती वर्षांनी लागला, आणि सिलिंडर आला त्या दिवशी तिच्या सासूने त्याला हळद-कुंकू लावलं. थोरली नऊ वर्षांची आहे. तिने विचारलं, "मग आजी, चुलीवरची पोळी आणि गॅसवरची पोळी वेगळी लागायची?" आई म्हणाली, "अगं, पोळी कुठली रोज? भाकरी." आणि मग भाकरीवर सुरू झाली.

मी आईची मुलगी आहे आणि हळद-कुंकवाची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते.

रात्री परतताना आम्ही बोटीनेच आलो. तळ्यात दिवे पडलेले. धाकटा माझ्या खांद्यावर गाढ झोपला होता.

मुक्कामावर मुलं झोपल्यावर थोरलीच्या टॅबवरचे व्हिडिओ बघत बसले. तिने किल्ल्याचा एक काढला होता, चाळीस सेकंदांचा. त्यात किल्ला छान आला होता. मागे माझा आवाज होता. चला. अप्पा, चला. अगं चल ना. चला चला. पुन्हा लावला, मोजलं. पाच वेळा. त्या चाळीस सेकंदांत माझ्या तोंडून दुसरा शब्दच नव्हता.

अप्पा जागेच होते. आमच्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा, आणि त्यांच्या दिंडीतल्या मित्राचा फोन आला होता. पालखी आदल्या दिवशी दिवे घाट चढून सासवडला पोचली होती. व्हिडिओवर सासवड दिसत होतं: तंबूच्या दोरीवर वाळत घातलेली धोतरं, कुणी कऱ्हेवरून आंघोळ करून येतंय, एक म्हातारी मावशी टाचेला तेल लावत बसलेली. कुणालाच कुठे जायचं नव्हतं. आज सासवडलाच, मित्र म्हणाला.

फोन ठेवून अप्पांनी माझा तक्ता मागितला. छापील प्रत होती माझ्याकडे. त्यांची सगळी नोकरी एसटीत गेली, शेवटची वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून, त्यामुळे वेळापत्रकाला नावं ठेवणारा हा माणूस नव्हे. चष्मा लावून त्यांनी तिन्ही दिवसांचे कागद वाचले, बोट लावून, ओळ न ओळ. मग म्हणाले, "काम चोख केलंयस. पण ह्यात सासवड कुठंय?"

मला कळलं नाही.

"पुणे ते सासवड सगळ्यात मोठी चाल. त्यात घाट. माणूस पोचतो तेव्हा पायात काही उरलेलं नसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी माउली हलत नाहीत. दोन रात्री सासवडला. हैबतबाबांनी सोहळा बसवून दिला तेव्हा चालणाऱ्याच्या पायाचा विचार केलाय. तुझ्या कागदात घाट आहे, सासवड नाही." थोडं थांबून म्हणाले, "आणि तुझ्या आईला व्हीलचेअर घे उद्या. मी सांगतो तिला."

वारीचं वेळापत्रक मला नवीन नव्हतं. पालखी फलटणला यायची तेव्हा आमच्या ओट्यावर दिंडीतली माणसं उतरायची. आजी तेल कोमट करून वाटीत द्यायची आणि आम्ही मुलं पिठलं-भाकरीची ताटं फिरवायचो. छापील पत्रक भिंतीवर लावलेलं असे. तिथी, सकाळचा विसावा, दुपारचं जेवण, पुढचा विसावा, मुक्काम. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेली शिस्त, आणि ती इतकी कडक की रथापुढच्या दिंड्यांचे क्रमांक आजही ठरलेले आहेत. अडीचशे किलोमीटर, लाखो माणसं. पण त्या पत्रकात काय लिहिलेलं असतं? कुठे थांबायचं, एवढंच. दोन थांब्यांमध्ये कुणी कुठला अभंग म्हणायचा, कुणाशी बोलायचं, कुठल्या झाडाखाली पाणी प्यायचं, हे त्यात नसतं. माझ्या तक्त्यात नेमकं उलटं होतं. मी थांब्यांच्या मधली वाट भरून टाकली होती आणि थांबे काढून टाकले होते.

घरी परत आल्यावर याच विषयावरचं एक संशोधन वाचनात आलं. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन मालकोच या दोघींनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेलं. मौजेच्या गोष्टीला घड्याळातली नेमकी वेळ लावली की ती काम वाटायला लागते आणि तिची गोडी कमी होते, असं त्यांना आढळलं. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी विद्यार्थ्यांना फुकट कॉफी देऊ केली. काहींना नेमकी वेळ ठरवायला सांगितली, काहींना फक्त दोन तासांची मुदत दिली, त्यात केव्हाही या. ढोबळ वेळ मिळालेल्यांची मजा कमी झाली नाही. वाचताना मला भिंतीवरचं ते पत्रक आठवलं.

म्हणून मी असं म्हणणार नाही की काही ठरवू नका. सहा माणसं, त्यात दोन वयस्कर आणि एक पाच वर्षांचा, जूनचं ऊन. काहीच न ठरवता गेलात तर आईचे गुडघे त्याची किंमत मोजतील. जी गोष्ट ऐनवेळी मिळत नाही ती आधी बघून ठेवावी: तिकिटं, औषधं, व्हीलचेअर, उंचीच्या अटी, सावलीत बसून जेवता येईल अशी जागा. मला वाटतं प्रत्येकाने एकच गोष्ट मागावी आणि तेवढ्या तेवढ्या लाल कराव्यात. बाकी कोरं ठेवायची भीती वाटते, मलाही वाटली. कोऱ्या दुपारकडे बघितलं की तो गुणाकार पुन्हा डोक्यात सुरू होतो. पण आमच्या तिकिटाचंच बघा: तीन दिवसांचं तिकीट पाच दिवसांत केव्हाही वापरता येतं. त्यातच दोन दिवस मोकळे दिलेले होते. मी महिनाभर ते तिकीट बघत होते आणि मला फक्त तीन आकडा दिसला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुठेही गेलो नाही. केलेल्या बुकिंगचं काय, असा प्रश्न होता. ते सोडून दिलं. मुलं पोहण्याच्या तलावात, आईने मुगाची खिचडी टाकली, अप्पा दुपारी दोन तास झोपले. एपकॉट चौथ्या दिवशी, खरेदीच्या जागी.

तिसऱ्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम. आदल्या रात्री खिचडी खाताना प्रत्येकाला एकच विचारलं. थोरलीला एव्हरेस्टची आगगाडी. धाकट्याला जिराफ. आईला वाघ. अप्पा म्हणाले, "मला सावलीत बसायला." सकाळी उघड्या गाडीतून सफारी केली, जिराफ इतका जवळून गेला की धाकट्याने श्वास रोखून धरला. मग थोरली आणि तिचा बाबा त्यांच्या आगगाडीकडे गेले आणि आम्ही चौघं वाघांकडे वळलो. ती पायवाट आहे, पडक्या राजवाड्यातून जाणारी, आपल्या चालीने चालायची. मोठ्या कमानीखाली सावली होती. व्हीलचेअर तिथे लावली. काचेपलीकडे गवतात वाघ झोपला होता, पाठ आमच्याकडे.

"कधी उठेल?" धाकट्याने विचारलं.

"उठेल," आई म्हणाली आणि डब्याचं झाकण काढलं. शेवटच्या दशम्या होत्या. अप्पांनी एक हातावर घेतली, चटणी लावली, दुमडून धाकट्याला दिली. माणसं येत होती, काचेशी थांबत होती, वाघ उठत नाही बघून पुढे जात होती. माझा फोन पिशवीत होता. अर्धा तास झाला असेल, किंवा जास्त. वाघाने एकदा कान हलवला, तो चौघांनीही बघितला.

अकराच्या सुमाराला अप्पांच्या फोनवर फोटो आले. तिकडे रात्र झाली होती, पालखी जेजुरीला पोचली होती. खंडोबाच्या दारी भंडाऱ्याने स्वागत होतं. रथ, पताका, टोप्या, माणसांचे चेहरे, सगळं पिवळं. अप्पांनी फोन धाकट्यापुढे धरला. त्याने फोटो बघितला, मग काचेपलीकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"आजोबा, हे सगळे वाघासारखे झालेत."

"होय रे," अप्पा म्हणाले, आणि त्याला मांडीवर घेऊन दिवे घाटापासून सांगायला सुरुवात केली.